इंटरनेट नसलेल्या मशीनवर ब्राउझर एक्स्टेन्शन: फाइल मिळते, मग बसत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजची संगणक लॅब, आणि इंटरनेट फक्त ऑफिसातल्या एका मशीनवर. लॅबमधल्या क्रोमवर पेनड्राइव्हने तीन एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जादा सोय देणारे छोटे प्रोग्राम, चढवायची आहेत: ऑफलाइन विकिपीडिया वाचण्यासाठी किविक्स, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पाने गडद करणारा डार्क रीडर, आणि मराठी टायपिंगसाठी गूगल इनपुट टूल्स. क्रोमच्या वेब स्टोअरच्या पानावर डाउनलोडचे बटणच नाही. दुसऱ्या एका साइटवरून सीआरएक्स, म्हणजे क्रोम एक्स्टेन्शनची बांधलेली फाइल आणली, तर क्रोम ‘पॅकेज अवैध’ म्हणतो. तीच फाइल उघडून फोल्डर म्हणून दिली, तर ‘मेटाडेटा’ नावावरून अडतो. एका मशीनवर कसेबसे जमले, तर दुसऱ्या दिवशी एक्स्टेन्शन गायब. आणि शेवटी विचारले आहे, “आमचं काही चुकतंय, की हे मुद्दाम अवघड करून ठेवलंय?”

मुद्दाम अवघड केलेले आहे, आणि त्याला कारणही आहे. क्रोमचे वेब स्टोअर डिसेंबर 2010 मध्ये सुरू झाले, तेव्हा सीआरएक्स फाइल कुठूनही आणून ब्राउझरवर ओढून टाकता येत असे. त्याचा गैरफायदा जाहिराती घुसवणाऱ्यांनी भरपूर घेतला. एखादे फुकट सॉफ्टवेअर बसवले की सोबत टूलबार यायचा, होमपेज बदलायचे, शोधयंत्र बदलायचे. म्हणून मे 2014 पासून विंडोजवर, आणि 2015 मध्ये मॅकवरही, स्टोअरबाहेरची एक्स्टेन्शन सामान्य वापरकर्त्यासाठी बंद झाली. हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. मात्र तो घेताना जिथे इंटरनेटच पोचत नाही अशा मशीनचा विचार कोणी केला नाही, आणि आजही स्टोअरच्या पानावर “सही केलेली फाइल इथून घ्या, जुन्या आवृत्त्या इथे आहेत” असा साधा दुवा नाही. तो असायला हवा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला गेली कित्येक वर्षे तो देते आणि त्यामुळे फायरफॉक्स काही कमी सुरक्षित झालेला नाही.

आता तुमच्या तक्रारी एकेक करून बघू. सीआरएक्स म्हणजे झिप फाइलच असते, फक्त तिच्या सुरुवातीला एक मथळा जोडलेला असतो. त्यात एक्स्टेन्शनची सार्वजनिक किल्ली (सही तपासायला लागणारी खूण) आणि डिजिटल सह्या असतात, आणि स्टोअरमधून आलेल्या फाइलवर स्टोअरचीही सही असते. स्टोअरची सही नसेल तर विंडोजवरचा क्रोम फाइल परत करतो. सीआरएक्सच्या दोन पिढ्या चलनात होत्या. 2019 मधल्या क्रोम 75 पासून जुनी दुसरी पिढी स्वीकारणे बंद झाले. सीआरएक्स वाटणाऱ्या परक्या साइटवर कित्येकदा त्या जुन्या पिढीच्या फाइली पडून असतात, नाहीतर कोणीतरी उघडून पुन्हा बांधलेल्या असतात. दोन्हींचा शेवट ‘पॅकेज अवैध’ या संदेशातच होतो. सही बरोबर असलेली फाइल ओढून टाकल्यावर कधी बसतेही, पण पुढे क्रोम तिची खातरजमा स्टोअरकडून करू पाहतो, आणि ऑफलाइन मशीनवर ती होत नाही. शंभर विद्यार्थी वापरणाऱ्या लॅबसाठी या वाटेवर विसंबू नका.

फाइल उतरली पण तिचा आकार शून्य बाइट, असाही प्रकार पुष्कळांना दिसतो. गूगलचा अपडेट सर्व्हर मागणाऱ्या ब्राउझरची आवृत्ती विचारतो. एक्स्टेन्शनला लागणारी किमान आवृत्ती त्याहून वरची असेल, तर तो चूक झाली असे न सांगता रिकामे उत्तर पाठवतो. डाउनलोड करून देणाऱ्या साधनाने जुना आकडा कळवला असला की हाती रिकामी फाइल येते, आणि माणूस नेटला दोष देत बसतो.

यावर मी वापरतो ती वाट सरळ आहे. ऑफिसातल्या ज्या मशीनवर इंटरनेट आहे, तिथल्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन नेहमीप्रमाणे अधिकृत स्टोअरमधून बसवा. म्हणजे उतरवणे, सही तपासणे, उघडणे ही सगळी कामे क्रोम स्वतःच करतो. मग अ‍ॅड्रेस बारमधून क्रोमचे ‘व्हर्जन’ पान (chrome://version) उघडा. त्यावर ‘प्रोफाइल पाथ’ अशी ओळ असते. त्या फोल्डरात ‘एक्स्टेन्शन्स’ नावाचे फोल्डर आहे आणि त्यात बत्तीस अक्षरी नावांची फोल्डरे. ही बत्तीस अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शनचा आयडी. तो रोमन वर्णमालेतल्या पहिल्या सोळा अक्षरांतूनच बनतो, म्हणून वाचताना अर्थहीन वाटतो. कुठला आयडी कोणाचा हे एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केल्यावर दिसते. आयडीच्या फोल्डरात आवृत्तीच्या क्रमांकाचे फोल्डर असते. ते अख्खे उचला.

उचलल्यावर एक काम न विसरता करायचे. त्यात ‘मेटाडेटा’ नावाचे, अंडरस्कोअरने सुरू होणारे फोल्डर असेल ते काढून टाका. त्यात स्टोअरने दिलेल्या पडताळणीच्या खुणा असतात. फोल्डर हाताने लोड करताना अंडरस्कोअरने सुरू होणारी नावे क्रोम स्वतःसाठी राखीव मानतो, म्हणून तो तिथे अडतो. तुमची दुसरी तक्रार हीच. ते काढल्याने एक्स्टेन्शनच्या कामात काही फरक पडत नाही. ‘लोकेल्स’ हे फोल्डरही अंडरस्कोअरनेच सुरू होते, पण त्याला हात लावू नका. त्यात भाषांतरे असतात आणि ते चालते.

लॅबच्या मशीनवर हे फोल्डर आधी हार्ड डिस्कवर कायमच्या जागी ठेवा आणि मगच डेव्हलपर मोड चालू करून ‘लोड अनपॅक्ड’ने ते दाखवा. दुसऱ्या दिवशी एक्स्टेन्शन गायब होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण इथेच असते. असे लोड केलेले एक्स्टेन्शन क्रोम स्वतःकडे उतरवून घेत नाही, दर वेळी मूळ फोल्डरातूनच वाचतो. फोल्डर पेनड्राइव्हवर असेल आणि पेनड्राइव्ह काढून नेला, तर वाचणार कुठून? दुसरे कारण डेव्हलपर मोड. तो कोणी बंद केला तर नव्या क्रोममध्ये अशी एक्स्टेन्शनही बंद होतात, म्हणून तो चालूच ठेवावा लागतो. तिसरे कारण शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये हमखास सापडते: रीस्टार्ट झाल्यावर मशीन जुन्या स्थितीत नेऊन ठेवणारे सॉफ्टवेअर. ते असेल तर आधी मशीन मोकळे करा, एक्स्टेन्शन बसवा, मग पुन्हा गोठवा. आणि हे सगळे प्रत्येक विंडोज खात्यासाठी आणि प्रत्येक क्रोम प्रोफाइलसाठी वेगळे करावे लागते, हे आधीच धरून चला.

सीआरएक्स नुसती सेव्हन-झिपने उघडूनही फोल्डर मिळते, मग प्रोफाइलमधून उचलण्याचा आग्रह कशाला? कारण एक्स्टेन्शन बसवताना क्रोम त्याच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती असलेल्या फाइलमध्ये, सार्वजनिक किल्ली लिहून ठेवतो. ती असली की ‘लोड अनपॅक्ड’ केल्यावरही आयडी मूळचाच राहतो. किल्ली नसेल तर क्रोम फोल्डरच्या पत्त्यावरून नवा आयडी बनवतो, म्हणजे फोल्डर हलवले की आयडी बदलतो आणि एक्स्टेन्शनमध्ये साठवलेल्या सेटिंग्ज दिसेनाशा होतात. कीपासएक्ससीसारख्या पासवर्ड व्यवस्थापकात हे फारच जाणवते. त्याचा मशीनवरचा प्रोग्राम ठरावीक आयडीच्या एक्स्टेन्शनशीच बोलतो, आयडी बदलला की दाद देत नाही. अशा वेळी लोक तासन्‌तास प्रोग्रामच्या सेटिंग्ज चाचपतात आणि मूळ कारण फोल्डरात असते.

ऑफलाइन वापरात आणखी एक गोष्ट हमखास आडवी येते. डिस्कवर साठवलेली पाने ब्राउझरात उघडली, तर त्यांवर क्रोम परवानगीशिवाय एक्स्टेन्शनला काम करू देत नाही. डार्क रीडर बसला, सगळीकडे चालतो, पण साठवलेल्या धड्यांची पाने पांढरीच. त्या एक्स्टेन्शनच्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊन फाइल युआरएलना परवानगी देणारे बटण चालू करा. स्टोअरमधून बसवलेल्या एक्स्टेन्शनमध्ये ते मुळात बंदच असते.

लॅबमध्ये विंडोज 7 किंवा 8.1 असेल तर वेगळा हिशोब आहे. त्यांवर चालणारा शेवटचा क्रोम 109, जानेवारी 2023 चा. ऑफिसातल्या नव्या क्रोममधून उचललेले एक्स्टेन्शन त्यावर चालेलच असे नाही. मॅनिफेस्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली की किमान आवृत्तीची नोंद असल्यास दिसते. जुनी आवृत्ती स्टोअरमधून मागता येत नाही. उलट दिशेनेही अडचण आहे. कोणी जपून ठेवलेली जुनी एक्स्टेन्शन मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीवर, म्हणजे एक्स्टेन्शन लिहिण्याच्या जुन्या नियमांवर, लिहिलेली असतात. क्रोमने ती 2024 पासून टप्प्याटप्प्याने बंद केली आणि 2025 मधल्या क्रोम 139 मध्ये कंपन्यांसाठी ठेवलेली सवलतही काढून टाकली. जाहिराती अडवणारा मूळचा युब्लॉक ओरिजिन आज क्रोमवर चालत नाही तो याच कारणाने.

म्हणूनच क्रोमचाच आग्रह नसेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: इंटरनेट नसलेल्या मशीनवर फायरफॉक्स ठेवा. मोझिलाच्या अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर फायरफॉक्समधून गेलात, तर बसवण्याच्या बटणावर उजवी टिचकी मारून दुवा सेव्ह करता येतो. दुसऱ्या ब्राउझरमधून गेलात तर फाइल उतरवण्याचा दुवा सरळ दिसतो. हाती एक्सपीआय फाइल येते, मोझिलाच्या सहीसकट. ती पेनड्राइव्हने न्यायची, अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर दातेरी चाकाच्या मेनूतून ‘इन्स्टॉल अ‍ॅड-ऑन फ्रॉम फाइल’ निवडायचे आणि काम संपले. सहीची तपासणी मशीनवरच होते, नेट लागत नाही. डेव्हलपर मोड नाही, फोल्डर जपणे नाही. शिवाय प्रत्येक अ‍ॅड-ऑनच्या पानावर जुन्या आवृत्त्यांची यादी असते आणि कुठली आवृत्ती कुठल्या फायरफॉक्सवर चालते हेही लिहिलेले असते. मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीची अ‍ॅड-ऑन्सही तिथे अजून चालतात.

फायरफॉक्समध्येही एक खड्डा आहे, आणि ऑफलाइन लॅब त्यात सर्वांत आधी पडते. सही बनते प्रमाणपत्रांच्या साखळीवर, आणि प्रमाणपत्रांना मुदत असते. मे 2019 मध्ये मोझिलाचे मधले प्रमाणपत्र संपले आणि जगभरच्या फायरफॉक्समधली अ‍ॅड-ऑन्स एका रात्रीत बंद पडली. नेट असलेल्यांना दुरुस्ती लवकर मिळाली, नेट नसलेली मशीन तशीच राहिली. पुढे 14 मार्च 2025 रोजी मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. फायरफॉक्स 128 पेक्षा जुन्या, किंवा ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) 115 मालिकेत 115.13 पेक्षा जुन्या आवृत्तीवर त्यानंतर अ‍ॅड-ऑन्सची अडचण होते. म्हणून एक्सपीआयच्या आधी फायरफॉक्सचा पूर्ण इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्या. छोटा इन्स्टॉलर घेऊ नका, तो उरलेले सगळे नेटवरून आणतो. विंडोज 7 वाल्यांनी ईएसआर 115 मालिकेतली मिळेल ती शेवटची आवृत्ती घ्यावी. मदरबोर्डवरची बॅटरी संपून ज्या मशीनची तारीख मागे गेली आहे, तिथे आधी तारीख नीट करा. सह्या तारखेशी बांधलेल्या असतात.

वीस-पंचवीस मशीन असतील तर प्रत्येकावर बसून टिचक्या मारण्याची गरज नाही. फायरफॉक्सच्या इन्स्टॉल फोल्डरात ‘डिस्ट्रिब्युशन’ नावाचे फोल्डर करून त्यात ‘पॉलिसीज’ नावाची जेसन फाइल (ठरावीक मांडणीत लिहिलेली मजकुराची फाइल) ठेवता येते. तिच्यात अ‍ॅड-ऑनचा आयडी आणि एक्सपीआयचा डिस्कवरचा पत्ता लिहिला की त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्यात ते आपोआप बसते, आणि हवे असल्यास विद्यार्थ्याला काढताही येत नाही. आयडी फायरफॉक्सच्या ‘सपोर्ट’ पानावर (about:support) दिसतो. शब्दांची अचूक मांडणी मोझिलाच्या पॉलिसी नमुन्यांत आहे, तिथून जशीच्या तशी घ्या, कारण एक स्वल्पविराम चुकला तरी सगळी फाइल निकामी होते. उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो, तिथे ही फाइल ‘ईटीसी’खालच्या फायरफॉक्सच्या पॉलिसीज फोल्डरात ठेवायची. क्रोमवरही पॉलिसीने सक्तीची एक्स्टेन्शन बसवता येतात, पण स्टोअरबाहेरून आणायची तर विंडोजवर मशीन डोमेनला जोडलेले किंवा व्यवस्थापनाखाली घेतलेले लागते आणि आतल्या नेटवर्कवर छोटा वेब सर्व्हर उभा करावा लागतो. बँकेला किंवा कारखान्याला हे परवडते, कॉलेजच्या लॅबला नाही. लिनक्सवर मात्र क्रोम अजून मोकळा आहे, एका छोट्या जेसन फाइलमध्ये सीआरएक्सचा पत्ता आणि आवृत्ती लिहिली की पुरते.

आता तुमच्या तीन एक्स्टेन्शनकडे येतो, कारण त्यातली दोन तुम्हाला लागतच नाहीत.

किविक्सचे एक्स्टेन्शन चांगले आहे, पण लॅबसाठी त्याहून सोयीची वाट आहे. एकाच मशीनवर किविक्सचा डेस्कटॉप प्रोग्राम बसवा आणि विकिपीडियाची झिम फाइल (सगळे लेख एकत्र बांधलेली फाइल) त्यावर ठेवा. त्या प्रोग्राममध्येच स्थानिक सर्व्हर चालू करण्याची सोय आहे. लॅबची मशीन एका स्विचला जोडलेली असली की बाकी सगळी त्या मशीनचा पत्ता आणि पोर्ट टाकून कुठल्याही ब्राउझरात विकिपीडिया उघडतात. इंटरनेट नको, एक्स्टेन्शन नको. विंडोज फायरवॉलने विचारले तर परवानगी द्या. मराठी विकिपीडियाची झिम फाइल मिळते, चित्रांसह आणि चित्रांशिवाय. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह शंभर जीबीच्या पुढे जातो, तेव्हा तिथे चित्रांशिवायची फाइल किंवा निवडक विषयांची फाइल बघा. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही. आधी तो एक्सफॅट करून घ्या.

गूगल इनपुट टूल्सचे एक्स्टेन्शन ऑफलाइन बसवण्यात वेळ घालवू नका. रोमन अक्षरांवरून मराठी शब्द सुचवण्याचे काम गूगलच्या सर्व्हरवर होते. एक्स्टेन्शन बसेल, पण नेट नसताना सुचवणार काही नाही. विंडोज 10 च्या मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडून तो निवडा, मग ब्राउझरातच काय, वर्डमध्येही चालतो. त्याआधीच्या विंडोजवर इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी आहेच. विद्यार्थ्यांनी ते शिकून घेतले तर मला मनापासून आनंद होईल, कारण ते सगळ्या संगणकांवर सारखेच असते.

कुठल्याही एक्स्टेन्शनसाठी इतकी धावपळ करण्याआधी ते नेटशिवाय काम करते का, हे असेच बघून घ्या. ऑफिसातल्या मशीनवर बसवा, केबल काढा, ब्राउझर बंद करून उघडा आणि वापरून बघा. भाषांतर करणारी आणि व्याकरण तपासणारी बहुतेक एक्स्टेन्शन इथेच गळतात. डार्क रीडर, साठवलेले पान एका फाइलमध्ये बांधणारे सिंगलफाइल, कीबोर्डवरून ब्राउझर चालवणारे व्हिमियम ही टिकतात, कारण त्यांचे सगळे काम तुमच्याच मशीनवर होते.

राहिली परकी साइट. सीआरएक्स वाटणाऱ्या साइटवरून काही घेऊ नका, हे मी जोर देऊन सांगतो. ‘लोड अनपॅक्ड’ करताना क्रोम कुठलीच सही तपासत नाही. फोल्डरात कोणी चार ओळी वाढवल्या असतील तर त्या तुम्हाला दिसणार नाहीत आणि एक्स्टेन्शनला दिलेल्या सगळ्या परवानग्या त्या ओळींनाही मिळतील. लॅब ऑफलाइन आहे म्हणून निर्धास्त राहू नका, उद्या कोणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतोच. खुल्या स्रोताच्या एक्स्टेन्शनचे निर्माते पुष्कळदा गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर स्वतःच झिप फाइल ठेवतात. डार्क रीडर तसा मिळतो. ते नाहीच तर वर सांगितलेली प्रोफाइलची वाट.

अधिकृत स्टोअरही डोळे मिटून विश्वास ठेवावा असे नाही. ग्रेट सस्पेंडर हे लाखोंच्या वापरातले एक्स्टेन्शन 2020 मध्ये विकले गेले, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढले. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एक्स्टेन्शनचा ताबा फसव्या ईमेलमधून हल्लेखोरांनी मिळवला आणि नाताळच्या दिवसांत दूषित आवृत्ती आपोआप लोकांपर्यंत गेली. ऑफलाइन मशीनला अशी आवृत्ती आपोआप मिळत नाही, हा तुमचा फायदा. सुरक्षेची दुरुस्तीही आपोआप मिळत नाही, हा तोटा. म्हणून नवी आवृत्ती आली की मी लगेच चढवत नाही. काही आठवडे थांबतो, बोभाटा झाला नाही तर ऑफिसच्या मशीनवर वापरून बघतो आणि मग लॅबमध्ये नेतो.

मूळ फाइली एका फोल्डरात जपा, आवृत्ती आणि तारीख नावातच लिहून. शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवा: एक्स्टेन्शनचे नाव, आयडी, कुठून घेतले, किमान ब्राउझर आवृत्ती, कुठल्या मशीनवर चढवले. सोबत फाइलचा शा-256 ठसाही नोंदवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो निघतो, वेगळे काही बसवावे लागत नाही. पेनड्राइव्ह लॅबमध्ये फिरून व्हायरस लागून परत आला, तर फाइल तीच आहे की बदलली हे या ठशावरून लगेच कळते. ब्राउझरचा इन्स्टॉलरही त्याच फोल्डरात ठेवा, कारण मशीन फॉरमॅट केल्यावर ज्या आवृत्तीवर सगळे चालत होते नेमकी तीच आवृत्ती लागते.